मल्टिपल स्क्लेरोसिस : उपचार आणि आधार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानमालेत एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षे अखंड सेवाकार्य करणे ही कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. त्याबद्दल प्रथम आपणां सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. संयोजकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मधुमेह किंवा हृदयविकार यांवर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या आजारांविषयी आपण वारंवार ऐकता, वाचता. मी मात्र असा आजार निवडला आहे, ज्याचे नावही या सभागृहातील अनेकांनी ऐकले नसेल. ज्या घरात तो शिरतो, त्या घराचा दिनक्रम, खर्चाचे गणित आणि माणसामाणसांतील नाते हे सारे तो बदलून टाकतो. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. रुग्ण आणि डॉक्टर त्याला थोडक्यात एम. एस. म्हणतात.

हा विषय निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या आजाराचा वेग कमी करणारे एकही औषध उपलब्ध नव्हते. आज अनेक आहेत, आणि ती वेळेवर सुरू झाली तर पुढील अपंगत्व बरेच टाळता येते. दुसरे कारण असे की, या आजाराची निम्मीअधिक दुखणी बाहेरून दिसत नाहीत. जे दिसत नाही त्यावर माणसे सहजी विश्वास ठेवत नाहीत, आणि त्या अविश्वासाचा भार आजारापेक्षाही जड होतो. औषध डॉक्टर देतील. विश्वास मात्र घराने आणि समाजाने द्यायचा असतो. म्हणूनच हा विषय समाजाच्या व्यासपीठावर मांडावासा वाटला.

आजाराचे स्वरूप

मेंदूतून निघालेले आदेश मज्जारज्जूच्या मार्गाने हातापायांपर्यंत पोहोचतात आणि हातापायांच्या संवेदना त्याच मार्गाने मेंदूकडे परततात. हे दळणवळण ज्या तंतूंमधून चालते, त्यांच्यावर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते तसेच हे समजा. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारात ती स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करू लागते. आवरण झिजले की संदेश मंदावतो, कधी वाटेतच अडतो. पुढे त्या जागी कठीण व्रण तयार होतो. असे व्रण अनेक ठिकाणी होतात म्हणून ‘मल्टिपल’, आणि ते कठीण होतात म्हणून ‘स्क्लेरोसिस’. पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयातील विख्यात डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन केले.

२०२० च्या जागतिक पाहणीनुसार जगात सुमारे २८ लाख लोक हा आजार घेऊन जगत आहेत. थंड हवेच्या पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण अधिक आहे. आपल्याकडे तो अत्यंत दुर्मीळ मानला जाई. १९८० च्या दशकात लाखामागे एक-दोन रुग्ण असा अंदाज होता. एम. आर. आय. तपासणी सर्वत्र उपलब्ध झाली, मेंदूविकारतज्ज्ञ वाढले आणि चित्र बदलले. मंगळूर शहरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. प्रमाण कमी असले तरी आपल्या देशाची लोकसंख्या पाहता ही संख्या लहान नाही.

हा आजार बहुधा वयाच्या वीस ते चाळीस या काळात सुरू होतो, आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळतो. शिक्षण पूर्ण होणे, नोकरी-व्यवसायात स्थिरावणे, विवाह, अपत्यजन्म हे सारे ज्या वयात घडते, नेमक्या त्याच वयात तो दार ठोठावतो.

तो का होतो, याचे एकच एक उत्तर नाही. आनुवंशिक कल, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, पौगंडावस्थेतील लठ्ठपणा यांचा वाटा आहे. अमेरिकी सैन्यातील सुमारे एक कोटी व्यक्तींच्या नोंदींवर आधारित संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एप्स्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या आजाराची शक्यता ३२ पटींनी वाढते, असे त्यात दिसून आले. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात कधी ना कधी येऊन जातो, पण आजार फार थोड्यांना होतो. म्हणजे विषाणू हे आवश्यक कारण असेल, पुरेसे नव्हे. एक गोष्ट मात्र निःसंशय आहे. एम. एस. संसर्गजन्य नाही. रुग्णासोबत राहिल्याने, जेवल्याने, त्याची सेवा केल्याने तो कुणालाही होत नाही.

लक्षणे : काही दिसणारी, बरीच न दिसणारी

व्रण कोठे झाला यावर लक्षण अवलंबून असते. त्यामुळे दोन रुग्णांचा आजार कधीच सारखा नसतो. एखाद्याला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते आणि डोळा हलवताना दुखते. एखाद्याचे पाय कमरेपासून बधिर होतात. कुणाला चालताना तोल सावरत नाही, कुणाला एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात, कुणाचा लघवीवरील ताबा सुटतो. मान खाली वाकवली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे हेही एक लक्षण आहे.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत आजार प्रथम लाटांसारखा येतो. अचानक उचल खातो, काही दिवस वा आठवडे राहतो आणि ओसरतो. पुढचे अनेक महिने सारे ठीक वाटते. उरलेल्या थोड्या रुग्णांत तो पहिल्यापासूनच संथ गतीने वाढत जातो. लाटांच्या स्वरूपाचा आजारही उपचारांअभावी पुढे अशाच संथ वाढीकडे वळू शकतो.

याखेरीज काही लक्षणे अशी, की ती कुठल्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाहीत. त्यांत पहिला क्रमांक थकव्याचा. चार रुग्णांपैकी तिघांना तो असतो. हा श्रमानंतर येणारा शीण नव्हे. पूर्ण झोप घेऊन उठल्यावरही अंगातले बळ निघून गेल्यासारखे वाटते, आणि दुपारी तो वाढतो. साधारण निम्म्या रुग्णांना लक्षात ठेवणे, एका वेळी दोन कामे सांभाळणे, पटकन उत्तर देणे कठीण जाते. मनाची खिन्नताही या आजारात नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आढळते.

ओळख पटणार नाही एवढा बदल करून एका घराचे उदाहरण सांगतो. सून शिक्षिका होती. सासूबाई तिच्यासोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हिला सकाळी काही नसतं. डबे करते, शाळेत जाते. दुपारी आली की पलंगावर पडते ती दिवेलागणीपर्यंत. पाहुण्यांसमोर आम्हांला कसं वाटत असेल, सांगा.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. दिसत होते त्याचा अर्थ त्या लावत होत्या. मी एम. आर. आय. ची फिल्म प्रकाशात धरून मेंदूतील पांढरे ठिपके त्यांना एकेक करून दाखवले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “अगं, मला सांगायचं तरी होतंस.” सून हळूच म्हणाली, “आई, सांगत होते मी.” रुग्ण सांगत असतो, ऐकून घेणारे घर लाभावे लागते.

निदान

केवळ एका रक्त-तपासणीने हे निदान होत नाही. रुग्णाची हकीकत, शारीरिक तपासणी, मेंदू व मज्जारज्जूचा एम. आर. आय., आवश्यकतेनुसार पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी आणि दृष्टीच्या नसेची चाचणी यांचा मेळ घालून ते करावे लागते. यासाठी २००१ पासून ‘मॅकडोनल्ड निकष’ वापरले जातात आणि वेळोवेळी ते सुधारले जातात. त्यामुळे पूर्वी ज्या निदानाला वर्षे लागत, ते आता पहिल्या झटक्यानंतरही बऱ्याचदा करता येते.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. हातापायांना मुंग्या आल्या म्हणजे एम. एस. झाला, असे मुळीच नाही. ‘ब-१२’ जीवनसत्त्व निसर्गतः फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. शाकाहारी व्यक्तीला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि पुष्कळदा अपुरे पडते. त्याच्या कमतरतेनेही मज्जारज्जूचे आवरण झिजते, पाय बधिर होतात, तोल जातो. ही कमतरता साध्या तपासणीत कळते, औषधाने भरून निघते आणि लवकर लक्षात आली तर नुकसानही भरून येते. म्हणून अशा तक्रारींत ‘ब-१२’ प्रथम पाहावे.

एम. एस. सारखाच दिसणारा आणखी एक आजार म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्याला कारणीभूत असणारे प्रतिपिंड २००४ मध्ये सापडले, आणि आता रक्त-तपासणीने तो बहुतांशी वेगळा ओळखता येतो. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एम. एस. ची काही औषधे त्या आजारात अपाय करतात. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी निदान पक्के करण्यासाठी लागणारा वेळ हा वाया गेलेला वेळ नसतो.

उपचार : तीन पदरांचे

एम. एस. समूळ बरा करणारे औषध आजही नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. मात्र मधुमेहही समूळ बरा होत नाही, तरी नियमित औषधावर माणूस भरभरून जगतो. येथेही विचार तसाच करावा.

पहिला पदर झटक्याच्या उपचाराचा. आजाराने उचल खाल्ली तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बहुधा तीन ते पाच दिवस सलाईनमधून देतात. त्याने झटका लवकर ओसरतो. तीव्र झटका स्टेरॉइडला दाद देत नसेल, तर रक्तातील द्रवभाग बदलण्याचा म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंजचा उपाय असतो. हे उपचार चालू झटका आवरतात. पुढचा झटका येणे ते थांबवत नाहीत.

दुसरा पदर आजाराचा वेग कमी करणाऱ्या औषधांचा, आणि खरी क्रांती येथे झाली. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या इंजेक्शनला मान्यता मिळाली. त्याने झटक्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले. १९९६ मध्ये ग्लॅटिरामर आले. २०१० मध्ये फिंगोलिमोड हे तोंडाने घ्यावयाचे पहिले औषध आले. पाठोपाठ टेरिफ्लुनोमाइड आणि डायमिथाइल फ्युमरेट आले. नॅटालिझुमॅब या सलाईनमधून द्यावयाच्या औषधाने झटके सुमारे दोन-तृतीयांशाने कमी झाले. २०१७ मध्ये मान्यता मिळालेले ओक्रेलिझुमॅब हे पहिल्यापासून संथपणे वाढणाऱ्या प्रकारातही उपयोगी ठरलेले पहिले औषध होय.

यांतील काही औषधे भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा आवाक्यात आली आहेत. रिटक्सिमॅब हे मूळचे रक्ताच्या कर्करोगावरील औषध. त्याचे भारतात बनणारे प्रकार तुलनेने स्वस्त असल्याने आपल्याकडे एम. एस. साठी त्याचा बराच वापर होतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम. एस. ची तीन औषधे प्रथमच समाविष्ट केली : क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटक्सिमॅब.

औषध जितके प्रभावी, तितकी दक्षता अधिक. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या औषधापूर्वी क्षयरोग आणि ‘ब’ प्रकारची कावीळ यांची तपासणी, कांजिण्या होऊन गेल्या आहेत का याची खात्री, आवश्यक त्या लसी आणि नंतर नियमित रक्त-तपासण्या हे सारे काटेकोरपणे करावे लागते.

आणि आता या व्याख्यानातील सर्वांत कळकळीची सूचना. रुग्णाला बरे वाटू लागले की घरात प्रश्न निघतो, “आता काही त्रास नाही, मग एवढे महाग औषध कशासाठी?” बंधू-भगिनींनो, त्रास नाही तो औषधामुळेच. छप्पर गळत नाही म्हणून पावसाळ्यात कौले कुणी उतरवत नाही. झटका दिसत नसतानाही आत नवे व्रण होऊ शकतात, आणि गेलेला तंतू परत येत नाही. काही औषधे तर अचानक थांबवल्यास आजार उसळून येतो. औषध बदलणे, थांबवणे यांचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. खर्चाची अडचण असेल तर तीही संकोच न करता सांगावी. पर्याय बहुधा निघतो.

तिसरा पदर लक्षणांवरील उपचारांचा व पुनर्वसनाचा. स्नायूंच्या ताठरपणावर बॅक्लोफेनसारखे औषध, लघवीच्या तक्रारींवर औषधे व प्रशिक्षण, वेदनेवर वेगळी औषधे, खिन्नतेवर समुपदेशन आणि औषध. पूर्वी या रुग्णांना सक्तीची विश्रांती सांगत. अमेरिकेतील युटा विद्यापीठाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमित व्यायामाने रुग्णांची क्षमता आणि मनःस्थिती सुधारल्याचे दिसले, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. फिजिओथेरपी हा उपचाराचा अविभाज्य भाग आहे. झटका ओसरल्यावर चार दिवस करून सोडून देण्याची ती गोष्ट नव्हे.

फसव्या वाटांपासून सावध

जेथे समूळ उपाय नाही, तेथे समूळ उपायाची जाहिरात करणारे असतातच. २००९ मध्ये इटलीतील डॉक्टर पाओलो झाम्बोनी यांनी असा सिद्धान्त मांडला की, मानेतील शिरा अरुंद झाल्याने हा आजार होतो आणि त्या फुग्याने रुंद केल्यास रुग्ण सुधारतो. जगभरातील हजारो रुग्णांनी पदरचे पैसे खर्चून ही शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे शास्त्रशुद्ध चाचण्या झाल्या. त्यांतील एक चाचणी खुद्द झाम्बोनी यांच्याच नेतृत्वाखाली होती. २०१७ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : या उपायाचा उपयोग होत नाही. आपलाच सिद्धान्त टिकला नाही हे त्यांनी जगासमोर मांडले, हे विज्ञानाचे मोठेपण; पण तोवर अनेकांचे पैसे आणि वेळ गेलेला होता.

‘स्टेम सेल’ या नावाबाबतही असेच तारतम्य हवे. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी वापरून, प्रतिकारशक्ती नव्याने उभारण्याचा एक जोखमीचा उपचार निवडक रुग्णांसाठी मोठ्या केंद्रांत केला जातो, आणि त्याला संशोधनाचा आधार आहे. जाहिरात देऊन लाखो रुपये घेणाऱ्या आणि प्रत्येक आजारावर एकच इंजेक्शन सांगणाऱ्या ठिकाणांशी त्याचा काही संबंध नाही. योग, प्राणायाम, ध्यान अवश्य करावे. त्याने थकवा व ताण हलका होतो. ते औषधाच्या जोडीला असावे, औषधाच्या जागी नव्हे.

रोजचे जगणे

या आजाराचा उष्णतेशी विलक्षण संबंध आहे. अंग तापले की झिजलेल्या तंतूंतील संदेश आणखी मंदावतो आणि जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्होफ यांनी १८९० मध्ये ही गोष्ट नोंदवली. आपल्याकडील वैशाखाचे ऊन, गरम पाण्याची अंघोळ, स्वयंपाकघरातील धग, साधा ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग यांनीही पाय जड होतात, दृष्टी अंधुक होते. शरीर थंड झाले, संसर्ग आटोक्यात आला की ते ओसरते. नवीन लक्षण ताप वा संसर्ग नसताना चोवीस तासांहून अधिक टिकले, तर मात्र तो खरा झटका असू शकतो. डॉक्टरांना त्वरित कळवावे. जड कामे सकाळच्या गारव्यात करणे, ओला पंचा गळ्याभोवती ठेवणे, दुपारी अर्धा तास निःसंकोच पडणे, हे उपाय साधे पण परिणामकारक आहेत.

आपल्या परंपरेतील तपाविषयी आदरपूर्वक दोन शब्द. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात रुग्णालाही उपवासाची इच्छा होते, आणि ती स्वाभाविक आहे. त्याने काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाणी कमी पडले की लघवीचा संसर्ग होतो आणि आजार बळावल्यासारखा वाटतो. बॅक्लोफेन अचानक बंद केल्यास आकडी येण्यापर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो. डायमिथाइल फ्युमरेट अन्नासोबत घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. काही औषधांच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते, म्हणून कुणी ती मनातल्या मनात बंद करतात. तसे न करता डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे, कारण गोळी किंवा इंजेक्शनचा पर्याय असू शकतो. काय झेपेल, काय झेपणार नाही, हे डॉक्टर आणि गुरुमहाराज दोघांनाही आजाराची पूर्ण कल्पना देऊन ठरवावे. ज्याला जमत नाही त्याच्या श्रद्धेविषयी इतरांनी शंका घेऊ नये.

विवाह, मातृत्व आणि पुढची पिढी

लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत आजार उघडकीस आला की ‘माहेरच्यांनी लपवले’ असा आरोप होतो. आजाराच्या आरंभाचे वय आणि आपल्याकडील विवाहाचे वय एकच आहे. बहुतेक वेळा लपवण्यासारखे कुणाला काही ठाऊकच नसते. ज्यांचे निदान विवाहापूर्वी झाले आहे, त्यांनी दोन्ही घरांत सत्य सांगूनच पुढे जावे. एम. एस. असलेल्या कित्येक व्यक्तींचे संसार सुखाचे चालले आहेत.

गर्भधारणेचे दार या आजाराने बंद होत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या अभ्यासात असे दिसले की, गरोदरपणात, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमोड यांसारखी औषधे गर्भाला अपायकारक ठरू शकतात, म्हणून नियोजन आधीपासून हवे. बाळंतपणानंतर आईला विश्रांती आणि रात्रीच्या जागरणात घरच्यांची मदत मिळणे हा येथे उपचारच समजावा. मुलांना हा आजार होईल का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार आई किंवा वडिलांपैकी एकाला एम. एस. असेल, तर शंभरांतील सुमारे दोन-तीन मुलांना तो होतो; उरलेल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवांना होत नाही.

आधाराची परंपरा

या आजारात रुग्णांना संघटित करण्याचे काम एका बहिणीने सुरू केले. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांच्या भावाला एम. एस. होता. हा आजार बरा झालेली कुणी व्यक्ती असल्यास संपर्क साधावा, अशी छोटी जाहिरात त्यांनी १९४५ मध्ये वृत्तपत्रात दिली. पन्नासहून अधिक पत्रे आली. पण त्यांत बरे झालेले कुणी नव्हते, सारे त्यांच्यासारखेच आशा शोधणारे होते. लॉरी यांनी त्या सर्वांना एकत्र आणले आणि १९४६ मध्ये अमेरिकेतील संस्था उभी राहिली. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. संशोधनाला निधी, रुग्णांना माहिती आणि सरकारपुढे बाजू मांडणे, हे काम या संस्थांनी केले. २००९ पासून जागतिक एम. एस. दिन पाळला जातो. आता तो दरवर्षी ३० मे रोजी असतो.

आपल्याकडे १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. मुंबई आणि पुण्यासह अनेक मोठ्या शहरांत तिच्या शाखा आहेत. तेथे नव्याने निदान झालेल्या व्यक्तीला दहा-वीस वर्षे या आजारासह कामधंदा करणारी माणसे भेटतात. कोणत्याही डॉक्टरच्या शब्दांपेक्षा ती भेट अधिक धीर देते.

कायद्यानेही एक पाऊल पुढे टाकले आहे. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात या आजाराचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाल्यास अनेक योजनांचा लाभ घेता येतो, त्यासाठी यू. डी. आय. डी. कार्ड काढून घ्यावे. गंभीर आजारांच्या विमा पॉलिसीतही या आजाराचा समावेश असू शकतो. जुनी पॉलिसी असेल तर तिच्या अटी एकदा वाचून पाहाव्यात.

आपल्या ट्रस्टला विनंती

सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्था नवे संकल्प करते. माझ्या काही नम्र सूचना विश्वस्तांपुढे ठेवतो.

एक, औषधाचा खंड पडू न देणारा साहाय्यता निधी. शस्त्रक्रियेसाठी एकदाच मोठी मदत देण्याची आपली पद्धत उत्तम आहे. पण अशा आजारात दर महिन्याला किंवा दर सहा महिन्यांनी लागणारी छोटी, निश्चित मदत अधिक मोलाची ठरते. दोन, रुग्णोपयोगी साहित्य केंद्र : काठी, वॉकर, चाकांची खुर्ची, स्नानगृहातील आधारदांडे गरजेपुरते वापरायला द्यावेत. तीन, सभागृह, भोजनशाळा आणि उपाश्रय येथे उतार, कठडे, काही खुर्च्या आणि जवळ स्वच्छतागृह. चाळीस पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून एखादी श्राविका वर्षानुवर्षे प्रवचनाला येत नाही, आणि तिच्या न येण्याचे कारण कुणी विचारत नाही, असे होऊ नये. चार, औषधासाठी शहरात जाणाऱ्या रुग्णासोबत जाणारे तीन-चार तरुण स्वयंसेवक. पाच, या सर्व मदतीत पूर्ण गुप्तता. मदत घेतली म्हणून नाव फलकावर येणार असेल, तर ज्याला खरी गरज आहे तोच मागे राहील.

या सूचनांना फार मोठा खर्च नाही. त्याहूनही बिनखर्चाची एक गोष्ट आहे आणि ती प्रत्येकाच्या हातात आहे. आपल्या नात्यातील, शेजारातील, दुकानातील कुणी तरुण व्यक्ती म्हणाली, “आज पाय उचलत नाही,” “डोळ्यांपुढे धूसर दिसते,” “फार थकले आहे,” तर ‘दिसायला तर ठणठणीत आहेस’ हे वाक्य आपण ओठांवर येऊ देऊ नये. त्याऐवजी विचारावे, “डॉक्टरांना दाखवलंस का? मी सोबत येऊ?” वेळेवर विचारलेल्या या दोन प्रश्नांनी कुणाचे तरी चालणे, कुणाची तरी दृष्टी वाचू शकते.

 संस्थेची शताब्दीकडे होणारी वाटचाल अशीच सेवामय होवो, ही सदिच्छा व्यक्त करून थांबतो.

जय जिनेंद्र.